लॅपटॉपच्या बॅकलाइट ड्रायव्हरची दुरुस्ती कशी तपासावी

पडदा उजळला म्हणजे दुरुस्ती झाली, असं धरून लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हातात देणं ही नवशिक्यांना सगळ्यात महाग पडणारी सवय. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या, कामात तर फारच. फ्यूज उडालेला असतो, त्यावर तारेचा तुकडा टाकला जातो, पडदा लखकन उजळतो आणि थोड्याच दिवसांत तोच लॅपटॉप केबल करपलेली, बोर्डाचा ट्रॅक जळालेला अशा अवस्थेत परत येतो. फ्यूज का उडाला हे कोणी पाहिलेलंच नसतं. झालेली दुरुस्ती टिकाऊ आहे की नुसती उजेड पाडणारी, हे कसं ओळखायचं ते इथे सांगितलं आहे. काम तुम्ही स्वतः केलेलं असो, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं केलेलं असो किंवा बाहेरून होऊन आलेलं असो, तपासणी तीच.

एक घोटाळा आधीच मिटवू. ड्रायव्हर हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतात. एक म्हणजे संगणकातलं सॉफ्टवेअर, आणि दुसरा म्हणजे पडद्यामागच्या एलईडींना वीज पुरवणारा सर्किटचा भाग. इथे दुसऱ्याबद्दल बोलतो आहोत. साधारण २०१० च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये एलईडीऐवजी बारीक ट्यूब असायची आणि तिला शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर असायचा. तो विषय वेगळा आहे, त्यातला धोकाही वेगळा, म्हणून पुढचं काहीही त्या जुन्या यंत्रांना लावू नका. ओलेड पडद्यांना बॅकलाइटच नसतो, तेही बाजूला ठेवा.

सर्किट नक्की काय करतं

हे समजलं नाही तर मीटरवरचे आकडे नुसते आकडे राहतात, म्हणून इथे जरा थांबू.

पडद्याच्या खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते. एका एलईडीवर साधारण ३ व्होल्ट पडतात. दहा एलईडी एकामागोमाग जोडले की त्या ओळीला ३० व्होल्ट लागतात. अशा चार ते सहा ओळी समांतर असतात आणि प्रत्येकीतून २० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो. लॅपटॉपकडे मात्र बॅटरीचे ८ ते १७ किंवा अडॅप्टरचे १९ व्होल्ट असतात. कमी व्होल्टेज चढवून ३० पर्यंत नेण्याचं काम बूस्ट सर्किट करतं. त्यात एक कॉइल, एक शॉटकी (झटपट चालू-बंद होणाऱ्या जातीचा) डायोड, एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच (बहुतेक वेळा आयसीच्या पोटातच), आउटपुटचे कपॅसिटर आणि या सगळ्यांना नाचवणारा आयसी असतो. मॉस्फेट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, कॉइल ऊर्जा साठवते आणि डायोडमधून पुढे ढकलते.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. कॉइल आणि डायोड हे इनपुटपासून आउटपुटपर्यंत सरळ रस्त्यात बसलेले असतात. आयसी झोपलेला असला तरी इनपुटची वीज कॉइलमधून आणि डायोडमधून आउटपुटला पोचतेच, फक्त डायोडवर पाव-एक व्होल्ट गळून. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की आउटपुटच्या व्होल्टेजवरून बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते बरंचसं कळतं. दुसरा असा की आउटपुटला कुठेही शॉर्ट असेल तर आयसी बंद असतानाही इनपुटचा सगळा प्रवाह कॉइल-डायोडमधून ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूला) जातो आणि फ्यूज उडतो. म्हणून फ्यूज उडाला की नजर पुढे, अगदी केबलच्या टोकापर्यंत गेली पाहिजे.

हे सर्किट दोनपैकी एका जागी असतं. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ते पॅनलच्याच पाठीमागच्या लांबट पट्टीवर असतं. मदरबोर्ड फक्त वीज, चालू होण्याचा इशारा आणि उजेड कमी-जास्त करण्याचा सिग्नल पाठवतो. ॲपलच्या बऱ्याच यंत्रांत मात्र ड्रायव्हर मुख्य बोर्डवर बसतो आणि चढवलेलं व्होल्टेज केबलमधून पडद्याकडे जातं. २०१२ च्या मॅकबुक प्रो १३ इंच, म्हणजे ए१२७८ मध्ये, यू९७०१ या जागी एलपी८५५० हा सहा ओळी चालवणारा आयसी आहे आणि त्याच्या वाटेवर एफ९७०० हा ३ अँपिअरचा फ्यूज. तो आयसी सोल्डरच्या २५ बारीक गोळ्यांवर बसतो. पाय बाहेर दिसत नाहीत, त्यामुळे त्याचं सोल्डरिंग नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही. शिकण्यासाठी हा बोर्ड फार चांगला आहे, कारण फ्यूज, कॉइल, डायोड सगळं एका भागात आहे.

फ्यूजचा हिशेब करून पाहा. सहा ओळी, प्रत्येकी २० मिलीअँपिअर, ३० व्होल्ट: म्हणजे ३.६ वॅट. सर्किटमधली गळती धरून इनपुटला साधारण ४ वॅट. १२.६ व्होल्टच्या लाइनवर हे सुमारे ०.३ अँपिअर झालं. फ्यूज ३ अँपिअरचा. दहापट मोकळी जागा! म्हणून "जास्त ब्राइटनेसवर वापरल्यानं फ्यूज गेला" हे स्पष्टीकरण कोणी दिलं तर ते मान्य करू नका. बॅकलाइटचा फ्यूज शॉर्टमुळेच जातो.

मीटर लावण्याआधी

दुरुस्ती करणाऱ्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या: आधी लक्षण काय होतं, काय बदललं, आणि मूळ कारण काय सापडलं. तिसऱ्याचं उत्तर "फ्यूज उडाला होता" असं आलं तर तपासणी इथेच अर्धी झाली. फ्यूज उडणं हा परिणाम आहे.

मूळ लक्षण खरंच बॅकलाइटचं होतं का, हेही विचारा. बॅकलाइट गेला असेल तर काळ्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारला की आतलं चित्र अंधुक दिसतं. टॉर्चनंही काही दिसत नसेल तर भानगड चित्राच्या सिग्नलची किंवा पॅनलच्या ३.३ व्होल्टची असू शकते. झाकण बंद झाल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर अडकला तरी बॅकलाइट बंद राहतो. आणि कंपनीचा लोगो येताना पडदा उजळतो पण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताच काळा होतो, असं असेल तर सोल्डरिंग आयर्न खाली ठेवा. तिथे ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर किंवा शून्यावर गेलेली ब्राइटनेस पाहायची असते.

लागणारं सामान फार नाही. डायोड मोड असलेला मल्टीमीटर, सुईसारख्या टोकांचे प्रोब, किमान १० पट मोठं दाखवणारं भिंग किंवा मायक्रोस्कोप, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दात घासायचा मऊ ब्रश. करंट लिमिट असलेला बेंच पॉवर सप्लाय असेल तर उत्तमच. त्या बोर्डाचा सर्किट डायग्राम आणि बोर्डव्ह्यू (कुठला भाग बोर्डावर कुठे बसतो ते दाखवणारा नकाशा) जवळ ठेवा. अंदाजानं "हाच तो कपॅसिटर असेल" करत गेलात तर चुकाल.

आता एक नियम, ज्याला अपवाद नाही. पडद्याची केबल काढण्याआधी किंवा लावण्याआधी अडॅप्टर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कनेक्टरमध्ये बॅकलाइटची वीज आणि चित्राच्या नाजूक लाइनी एकमेकींपासून मिलिमीटरच्याही आत असतात. केबल किंचित तिरकी बसली आणि बॅटरी जोडलेली असली तर ती वीज थेट सिग्नलच्या पिनवर जाते. फ्यूज गेला तर नशीब चांगलं म्हणायचं. बऱ्याचदा प्रोसेसरच जातो. कितीतरी "बॅकलाइटचे" बिघाड पॅनल बदलताना याच एका आळसातून जन्माला येतात.

डोळ्यांनी

भिंगाखाली घाई करू नका, इथेच निम्म्या चुका सापडतात.

पहिल्यांदा फ्यूज पाहा. तो खराखुरा फ्यूज आहे का, की सोल्डरचा गोळा, तार किंवा शून्य ओहमचा रेझिस्टर? या तिन्हींना थेट नापास करा. मूळ जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच आणि किमान तितक्याच व्होल्टचा फ्यूज हवा.

मग डायोडची दिशा. पट्टी असलेली बाजू आउटपुटकडे, म्हणजे एलईडींकडे हवी. उलटा बसवला तर पडदा उजळणारच नाही, त्यामुळे ही चूक लवकर कळते. चुकीच्या जातीचा डायोड मात्र लपून राहतो. जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेला साधा रेक्टिफायर डायोड इथे काही मिनिटं चालतो, पण सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होण्याचा वेग त्याला झेपत नाही आणि तो तापून मरतो. शॉटकीच हवा, आणि आउटपुटच्या जास्तीत जास्त व्होल्टेजपेक्षा वरच्या रेटिंगचा.

कपॅसिटरबद्दल जास्त खोलात जायला हवं, कारण चूक दिसत नाही. सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेलं नसतं. रद्दी बोर्डावरून त्याच आकाराचा तुकडा उचलून लावला जातो. तो २५ व्होल्टचा असेल आणि आउटपुट ३० च्या वर असेल तर तो तडकून शॉर्ट होऊ शकतो, आणि मग फ्यूज पुन्हा गेला. आउटपुटला ५० व्होल्टचाच कपॅसिटर लावा. शिवाय सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता व्होल्टेज चढेल तशी घटते, आणि लहान आकाराच्या तुकड्यात जास्त घटते. ४.७ मायक्रोफॅराडचा म्हणून लावलेला तुकडा ३० व्होल्टवर निम्माही उरत नाही. मग पडदा उजळतो पण कमी ब्राइटनेसवर थरथरतो, आणि दोष आयसीवर ढकलला जातो. म्हणून कपॅसिटर कुठून काढला हे विचाराच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नवे घेताना क्षमतेबरोबर व्होल्टेज आणि आकारही सांगून मागा. रद्दी बोर्डावरून घ्यायचाच असेल तर दुसऱ्या बोर्डाच्या बॅकलाइट आउटपुटवरचाच घ्या. तिथे तो योग्य व्होल्टेजचाच असतो.

कॉइल बदलली असेल तर नुसता मायक्रोहेन्रीचा आकडा जुळून भागत नाही. ती किती अँपिअरला संपृक्त होते, म्हणजे त्यापुढे आणखी ऊर्जा साठवू शकत नाही, तेही जुळायला हवं. कमी क्षमतेची कॉइल पूर्ण ब्राइटनेसला संपृक्त होते, मॉस्फेटमधून प्रवाहाचे उंच टोक जातात आणि आयसी तापतो.

शेवटी स्वच्छता. आयसीच्या भोवती सोल्डरिंगला वापरलेला चिकट फ्लक्स, सोल्डरचे सुटे मणी, हिरवट गंज काहीही नको. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उरलेला फ्लक्स ओल धरतो. व्होल्टेजचा अंदाज आयसीला देणाऱ्या लाइनीवर शेकडो किलोओहमचे रेझिस्टर असतात. तिथे थोडीशी गळतीही आयसीला चुकीचं व्होल्टेज दाखवते. जानेवारीत पास झालेलं काम जुलैत परत येतं ते यामुळे. अल्कोहोल आणि ब्रशनं स्वतः एकदा धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पुढे जा. पाणी किंवा चहा सांडलेल्या बोर्डावर कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी खास पाहा. तिथला काळा डाग म्हणजे दोन पिनांमध्ये पेटलेला कोळसा, आणि कोळसा वीज वाहतो. असा कनेक्टर धुऊन चालत नाही, बदलावाच लागतो.

थंड बोर्डावरची मापं

बॅटरी सोडवलेली, अडॅप्टर काढलेला. मीटर ओहमवर.

फ्यूजच्या दोन टोकांत एका ओहमच्याही खूप खाली रीडिंग यायला हवं. कॉइलच्या दोन टोकांत तसंच. मग फ्यूजच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत मोजा. कपॅसिटर भरत जातील तसा आकडा वर सरकत जातो आणि बहुधा दहा-वीस किलोओहमच्या पुढे थांबतो. बीप वाजली किंवा दोन-चार ओहम दिसले तर शॉर्ट अजून तसाच आहे, यंत्र चालू करू नका. काहीशे ओहम दिसले तरीही संशय घ्या. तसाच दुसरा चांगला बोर्ड मिळाला तर तुलना करा, त्याइतका पक्का आधार दुसरा नाही.

आउटपुटच्या कपॅसिटरवर हेच करा. इथे शॉर्ट दिसला तर पडद्याची केबल काढून पुन्हा मोजा. शॉर्ट गेला तर दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये आहे. राहिला तर बोर्डावर. दोन मिनिटांची ही एक चाचणी तासांची शोधाशोध वाचवते.

डायोड मोडमध्ये शॉटकी डायोड सरळ दिशेला ०.१५ ते ०.३५ दाखवतो. दोन्ही दिशांना शून्याजवळ असेल तर तो फुटलेला आहे.

पॅनलवर ड्रायव्हर असलेल्या ३० पिनांच्या ईडीपी (पडद्याकडे चित्र नेणाऱ्या जोडणीच्या) कनेक्टरवर पुढच्या पिना लक्षात ठेवा. बहुतेक ३० पिनी पॅनल हीच मांडणी पाळतात:

१२ आणि १३: पॅनलचे ३.३ व्होल्ट
१८ ते २१: बॅकलाइटचं ग्राउंड
२२: बॅकलाइट चालू करण्याचा इशारा
२३: उजेड ठरवणारा पीडब्ल्यूएम सिग्नल (झटपट चालू-बंद होणारा; जितका जास्त वेळ चालू, तितका जास्त उजेड)
२६ ते २९: बॅकलाइटची वीज

४० पिनांच्या कनेक्टरला हे आकडे लावू नका, तिथे मांडणी वेगळी असते आणि टच पॅनलमध्ये तर आणखीनच. पॅनल केबलपासून सोडवून २६ आणि १८ या पिनांमध्ये मोजा. शॉर्ट असेल तर पॅनलच दोषी आहे, आणि तो लावून बोर्ड तपासायला गेलात तर दुरुस्त झालेला फ्यूज तुमच्याच हातून जाईल. म्हणून क्रम नेहमी आधी पॅनल, मग केबल, मग बोर्ड.

केबलची दोन्ही टोकं मोकळी असताना वीज आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावून बिजागरीपाशी केबल हळूहळू वाकवा. आकडा क्षणभरही खाली उडी मारत असेल तर आतलं आवरण फाटलं आहे. फ्यूज उडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि बोर्डावर कितीही शोधलं तरी ते सापडत नाही.

वीज देऊन

बेंच सप्लाय असेल तर करंट लिमिट लावून सुरू करा. सगळं जोडलेलं हवं, पॅनलसकट. पॅनल न लावता आउटपुट मोजून निष्कर्ष काढू नका. ओळी तुटलेल्या दिसल्यानं आयसी व्होल्टेज वरच्या मर्यादेपर्यंत चढवतो आणि मग स्वतःला बंद करतो, किंवा सुरूच होत नाही.

प्रोब कनेक्टरच्या पिनांवर टेकवू नका. हात घसरला की ३० व्होल्ट शेजारच्या डेटा लाइनीत. त्याच लाइनीवरचा कपॅसिटर किंवा टेस्ट पॉइंट शोधा. काळा प्रोब एखाद्या स्क्रूच्या ग्राउंडला चिमट्यानं अडकवा म्हणजे एकच हात फिरता राहील.

मोजायच्या चार गोष्टी आहेत. इनपुट, म्हणजे फ्यूजनंतरचं व्होल्टेज; इशाऱ्याची लाइन, जी चालू असताना बहुधा ३.३ व्होल्टच्या आसपास असते, पीडब्ल्यूएमची लाइन, आणि आउटपुट. पीडब्ल्यूएम मीटरवर सरासरी दाखवतो. ३.३ व्होल्टचा सिग्नल निम्मा वेळ चालू असेल तर सुमारे १.६५ दिसतील. ब्राइटनेसच्या बटणांनी हा आकडा वर-खाली व्हायला हवा. तो हलत असेल तर सॉफ्टवेअर आणि बोर्डाचा वरचा भाग आपलं काम करतो आहे. सगळ्या ॲपल बोर्डांवर हे असंच दिसेल असं नाही. एलपी८५५० ला उजेडाचा हुकूम पीडब्ल्यूएमशिवाय दोन तारांच्या डेटा लाइनीवरूनही देता येतो, त्यामुळे डायग्राम पाहून ठरवा.

आता आउटपुट वाचायला शिका. सगळ्या तपासणीचा गाभा हाच.

आउटपुट शून्य असेल तर वीज इथवर पोचतच नाही: फ्यूज, कॉइल, डायोड यातलं काहीतरी तुटलं आहे, किंवा फ्यूजनंतर असलेला मॉस्फेट स्विच उघडलेला नाही. ए१२७८ मध्ये असा स्विच आहे, त्यामुळे तिथे इशारा नसताना शून्य दिसणं स्वाभाविक आहे.

आउटपुट इनपुटपेक्षा जेमतेम पाव व्होल्टनं कमी असेल तर रस्ता साबूत आहे पण आयसी चढवत नाही. इशारा आणि पीडब्ल्यूएम दोन्ही असतील तर आयसी किंवा त्याचा स्वतःचा छोटा पुरवठा तपासा. ते नसतील तर आयसीला हात लावू नका, चूक मागे आहे. नवशिके इथेच विनाकारण आयसी बदलतात.

आउटपुट क्षणभर उंच चढून परत इनपुटच्या पातळीवर आलं, आणि पडदा एक-दोन सेकंद उजळून विझला, तर आयसी निरोगी आहे आणि त्यानं संरक्षण म्हणून हात काढून घेतला आहे. एलईडीची ओळ तुटलेली आहे किंवा केबलमधली परतीची तार सुटली आहे.

आउटपुट ओळीतल्या एलईडींच्या हिशेबाला धरून स्थिर असेल, तर पुढे चला. पण हा पास नाही, अजून अर्धी तपासणी बाकी आहे.

आयसी, कॉइल आणि डायोड जिथे भेटतात त्या बिंदूवर मल्टीमीटर लावून काही अर्थ काढू नका. तिथे लाखो वेळा उड्या मारणारा सिग्नल असतो आणि मीटर जे दाखवेल ते फसवं असेल. ऑसिलोस्कोप असेल तर दहापट कमी करणारा प्रोब आणि आखूड ग्राउंड वापरा.

बेंच सप्लायवर एक छान तपासणी होते. यंत्र स्थिर झाल्यावर ब्राइटनेस सर्वांत कमी ठेवून प्रवाह लिहा, मग सर्वांत जास्त करून लिहा. फरकाला व्होल्टेजनं गुणलं की बॅकलाइटचे वॅट मिळतात. १३ ते १५ इंची पडद्याला दोन ते पाच वॅट हे रास्त आहे. आठ-नऊ वॅट दिसले तर कुठेतरी वीज उष्णता होऊन जाते आहे.

राबवून पाहा

इथून पुढे आयर्न आणि मीटर बाजूला. वेळ द्यायचा आहे, आणि दुकानात गर्दी असली की हाच भाग गाळला जातो.

पांढरं चित्र लावून पूर्ण ब्राइटनेसवर अर्धा तास ठेवा. मग आयसी, कॉइल आणि डायोडजवळ बोट न्या. कोमट चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर काहीतरी चुकीच्या क्षमतेचं बसलं आहे. थर्मल कॅमेरा असेल तर बोटाची गरज नाही. नसेल तर अल्कोहोलचा थेंब कुठे सगळ्यात आधी उडतो ते पाहा, पण हे फक्त मोकळ्या बोर्डावर आणि यंत्र बंद केल्या-केल्या. अल्कोहोल पेट घेतं हे विसरू नका.

ब्राइटनेस एकेक पायरी खाली आणा. उजेड प्रत्येक पायरीला थोडा घटला पाहिजे, उडी नको. सर्वांत खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर थांबून पाहा, कमजोर कपॅसिटर आणि अर्धवट सोल्डर तिथे उघडे पडतात. फोनच्या कॅमेऱ्यात पडद्यावर सरकते पट्टे दिसले तर घाबरू नका, पीडब्ल्यूएममुळे ते निरोगी पडद्यावरही दिसतात. डोळ्यांना दिसणारी अनियमित थरथर मात्र दोष आहे. कान जवळ नेऊन बारीक शीळ ऐकू आली तर कपॅसिटर किंवा कॉइल कंप पावते आहे. मूळ भागांसह अगदी हलकी शीळ काही यंत्रांत असते. भाग बदलल्यानंतर नव्यानं सुरू झालेली शीळ मात्र तपासून घ्या. खालच्या कडेला ठरावीक अंतरानं काळोखे तुकडे दिसले तर ड्रायव्हरला दोष देऊ नका, एलईडीच्या पट्टीतली एक ओळ गेली आहे.

मग झाकण. उजेड चालू ठेवून झाकण पूर्ण उघडण्यापासून जवळजवळ बंद होईपर्यंत सावकाश वीस-तीस वेळा हलवा. झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांना अगदी हलकासा पीळ द्या. एकदाही लुकलुक झाली तर केबल किंवा कनेक्टर पुन्हा उघडा.

अडॅप्टर काढा-लावा, दहा वेळा. बॅटरीवरून अडॅप्टरवर जाताना ज्या यंत्रांत लाइनीचं व्होल्टेज एकदम वर जातं तिथे कमजोर इनपुट कपॅसिटर आणि अर्धमेला मॉस्फेट याच धक्क्याला बळी पडतात. नंतर झोपवा आणि जागं करा, तेही दहा वेळा, कारण प्रत्येक वेळी बूस्ट शून्यापासून सुरू होतो आणि सगळ्यात मोठा प्रवाह सुरुवातीलाच वाहतो. सरतेशेवटी पूर्ण बंद करून तासभर थंड होऊ द्या आणि पुन्हा सुरू करा. आयसीखालचा तडा गेलेला जोड गरम असताना फुगून चिकटतो आणि थंड झाला की सुटतो. गरम यंत्रावर केलेली कोणतीही चाचणी हा दोष पकडत नाही.

नोंद आणि निकाल

जॉब कार्डावर लिहा: फ्यूजपुढचं ग्राउंडपर्यंतचं ओहम रीडिंग, इनपुट, इशारा, पीडब्ल्यूएमचे किमान-कमाल आकडे, आउटपुट, सर्वांत कमी आणि जास्त ब्राइटनेसचा प्रवाह, बदललेले भाग त्यांच्या व्होल्टेज आणि अँपिअरसकट, आणि मूळ कारण. सहा महिन्यांनी यंत्र परत आलं तर आज मोजलेल्या ४७ किलोओहमचे तेव्हा ९ झाले आहेत का, हे एका नजरेत कळेल.

फ्यूजच्या जागी जंपर असेल, मूळ कारणाच्या रकान्यात काहीच नसेल, कनेक्टरमध्ये कोळसा असेल किंवा आउटपुटच्या कपॅसिटरचं रेटिंग माहीत नसेल, तर पडदा कितीही छान उजळत असला तरी यंत्र परत टेबलावर पाठवा. कधी खूप शोधूनही कारण सापडत नाही: फ्यूज बदलला, शॉर्ट कुठेच नाही, सगळी मापं बरोबर. अशा वेळी केबल पुन्हा एकदा पूर्ण लांबीभर तपासा, आधी कोणी पॅनल बदलला होता का हे गिऱ्हाइकाला विचारा, आणि यंत्र दोन दिवस रोजच्या वापरासारखं चालवून मगच द्या. देताना कार्डावर "कारण आढळलं नाही, फ्यूज मूळ रेटिंगचा बसवला" असं स्पष्ट लिहा. फ्यूज पुन्हा गेला तर निदान बोर्ड वाचलेला असेल.